लेकराला घेऊन अटलांटिक ओलांडताना: क्वीन मेरी 2 की रिपोझिशनिंग क्रूझ?

लंडन ते न्यूयॉर्क विमानाने सात-आठ तासांचं अंतर. तरीही बोटीने जायचं मनात असेल आणि सोबत एक ते सहा वर्षांचं मूल असेल, तर हे वाचा. आम्ही दोन्ही प्रकार केलेत. इंग्लंडमधलं बिऱ्हाड न्यू जर्सीला हलवलं, तेव्हा जूनमध्ये साउदॅम्प्टनहून ‘क्वीन मेरी 2’ने न्यूयॉर्कला आलो. लेक तेव्हा 22 महिन्यांची होती. पुढे ती साडेचार वर्षांची असताना एप्रिलमध्ये फ्लोरिडाहून बार्सिलोनाला एका मोठ्या अमेरिकी क्रूझ जहाजाच्या रिपोझिशनिंग फेरीने गेलो.

तिकिटाचे पैसे वाचतील या आशेने बोट बघत असाल, तर थेट विमान घ्या. दोन वर्षांखालच्या, मांडीवर बसणाऱ्या बाळाला विमानात साधारण दहा टक्के भाडं पडतं. बोटीत ते केबिनमधलं आणखी एक माणूस धरलं जातं, वर आठवडा-दोन आठवडे रजा जाते आणि परतीचं एकेरी विमान तिकीट वेगळं. अपवाद एकच: घर हलवणारी मंडळी. सामानाचा काटा मागे लागत नसल्यामुळे आमची पुस्तकं, पोळपाट-लाटणं, लेकीची तीनचाकी सगळं आमच्यासोबत आलं.

आता दोन्ही प्रकारांतला फरक. ‘क्वीन मेरी 2’ हे लायनर आहे, म्हणजे याच समुद्रासाठी बांधलेलं जहाज. फ्रान्समधल्या सेंट नझेरच्या गोदीत ते बांधलं आणि जानेवारी 2004 पासून ते चालतंय. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. रिपोझिशनिंगचं तसं नाही. हिवाळाभर कॅरिबियनमध्ये फिरणारी जहाजं एप्रिल-मेमध्ये भूमध्य समुद्राकडे निघतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परततात. जहाज रिकामं न्यायचं कशाला, म्हणून प्रवासी घेतात. 12 ते 15 रात्री लागतात. अझोर्स, मदेरा किंवा कॅनरी बेटांवर एखाद-दुसरा थांबा असतो आणि त्याआधी किंवा नंतर पाच-सहा दिवस सलग नुसतं पाणी. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर दोन्ही विसरा. एरवी सहा महिन्यांचं बाळ चालवून घेणाऱ्या बहुतेक कंपन्या अटलांटिकच्या फेरीसाठी 12 महिने पूर्ण झालेले मागतात.

निर्णय खरा फिरतो तो वयावर. रॉयल कॅरिबियनसारख्या अमेरिकी जहाजांवर मुलांच्या क्लबात सोडायला तीन वर्षं पूर्ण हवीत आणि डायपर सुटलेला हवा. त्याखालच्यांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, पण तिथे तासावर पैसे. ‘क्वीन मेरी 2’वर दोन ते सात वर्षांच्या मुलांची खेळघराची सोय भाड्यातच येते आणि 6 ते 23 महिन्यांच्या बाळांसाठी रात्रीची नर्सरीसुद्धा. आमची लेक त्या नर्सरीच्या काठावरच होती. तिला तिथे झोपवून आम्ही दोघं शांतपणे जेवलो. दीड वर्षात पहिल्यांदा.

डायपरचा दुसरा अडसर पाण्याचा. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांना तिथल्या आरोग्य खात्याचा नियम आहे की डायपरमधलं मूल, पोहण्याचा डायपर घातलेलं असलं तरी, सार्वजनिक तलावात उतरवायचं नाही. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळे फवारे असतात, तेवढेच. दोन वर्षांच्या मुलाला तलाव दाखवायचा आणि उतरू द्यायचं नाही, ही शिक्षा आई-बापांनाच. साडेचार वर्षांच्या लेकीला मात्र ते मोठं जहाज म्हणजे चैन होती. घसरगुंडी, ऊन, गरम पाणी. दक्षिणेकडचा मार्ग उबदार असतो. ‘क्वीन मेरी 2’च्या उत्तरेच्या मार्गावर जूनमध्येही डेकवर वारा असा, की कानटोपी घालूनच बाहेर पडायचं. कमतरता होती ती सवंगड्यांची. शाळा चालू असतात, त्यामुळे या फेऱ्यांना निवृत्त मंडळीच जास्त. आमच्या वेळी तिच्या वयाची जेमतेम सहा मुलं होती आणि क्लबच्या वेळाही आम्हाला सांगितल्या होत्या त्यापेक्षा कमी निघाल्या. वेळापत्रक आधी लेखी मागून घ्या.

दिशेबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण माझ्या मते जहाजापेक्षा दिशा महत्त्वाची. पश्चिमेकडे जाताना सातपैकी पाच रात्री घड्याळ तासभर मागे जातं आणि दिवस 25 तासांचा होतो. मोठ्यांना ती जादाची झोप. लेकराच्या पोटातलं घड्याळ मात्र मागे जात नाही. आमची पहाटे पाचला टक्क जागी. पण रात्री ती वेळेवर, बिनतक्रार झोपायची आणि न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा जेटलॅग हा शब्दच नव्हता. पूर्वेकडे जाताना हे सगळं उलटं होतं. फ्लोरिडा ते स्पेन सहा तासांचा फरक आणि आमच्या जहाजावर तो तास दिवसाढवळ्या, दुपारी बाराचा एक करून काढून घ्यायचे. रात्री नऊ वाजले तरी तिच्या अंगात आठच. तिसऱ्यांदा घड्याळ पुढे गेल्यावर ती अकरापर्यंत जागू लागली, सकाळी उठेना, नाश्ता संपलेला आणि क्लबचं सकाळचं सत्रही. एकाच दिशेचा प्रवास करायचा असेल तर पश्चिमेचा करा, मग जहाज कोणतंही असो.

बोट लागण्याची भीती सगळ्यांनाच असते. दोन वर्षांखालच्या मुलांना ती सहसा लागत नाही. जास्त त्रास दोन ते बारा या वयात. ‘क्वीन मेरी 2’वर तिसऱ्या दिवशी लाटा उठल्या तेव्हा मी केबिनमध्ये आडवी पडले होते आणि कन्या कॉरिडॉरमध्ये तुरुतुरु धावत होती. जहाज कललं की तिला हसू फुटायचं. औषध मात्र मनाने देऊ नका. यातली बरीच औषधं दोन वर्षांखाली देतच नाहीत, तेव्हा निघण्याआधी मुलाच्या डॉक्टरांकडून नाव आणि वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्या. मोठ्यांसाठी आलेपाकाच्या वड्या बऱ्या पडतात. केबिन घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या. बाल्कनीचा मोह लहान मूल असेपर्यंत आवरा, डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला गल्फ स्ट्रीमचं गरम पाणी आणि लॅब्रडॉरचा थंड प्रवाह भेटतात, तिथे धुकं दाटतं. धुक्यात जहाजाला दर दोन मिनिटांच्या आत लांब भोंगा द्यावाच लागतो. ‘क्वीन मेरी 2’च्या भोंग्यांपैकी एक 1936 सालच्या जुन्या ‘क्वीन मेरी’चा आहे, त्याचा आवाज छातीत घुमतो. पहिल्या भोंग्याला लेकीने माझ्या मानेला मिठीच मारली. दुसऱ्याला नुसतीच बघत राहिली. पाचव्या-सहाव्याला तिने छाती भरून ‘भॉं’ असं उत्तर दिलं आणि मग दुपारभर तेच चाललं. शेवटी खुर्चीवरच झोपली, भोंगा चालू असताना.

जेवणाची काळजी दोन्हीकडे नको. बुफेत साधा भात कायम असतो. मेतकुटाची सीलबंद पुडी नेली की निम्मं काम झालं. घरी शिजवलेलं अन्न मात्र जहाजावर नेऊ देत नाहीत आणि राइस कुकर सामानातून काढून घेतात. ‘क्वीन मेरी 2’वर केबिनमध्ये चहाची किटली असते, त्यामुळे मध्यरात्री दूध कोमट करता आलं. दुसऱ्या जहाजावर दर वेळी वरच्या मजल्यावर धाव. गोव्याची माणसं पिढ्यानपिढ्या बोटीवर नोकरी करत आली आहेत, त्यामुळे वाढपी गोंयकार निघण्याची शक्यता बरीच. आमचा बार्देशचा होता. पहिल्या रात्री लेकीने ताट ढकललं ते पाहून दुसऱ्या रात्रीपासून न सांगता वाटीभर मऊ भात आणि वरण तिच्यापुढे यायचं.

न्हाणीघरात बहुतेक ठिकाणी नुसता शॉवर, ना बादली ना टब. हवा भरायचा छोटा टब न्या. कपड्यांच्या बाबतीत लायनर सरळ पुढे: धुण्याची यंत्रं मजल्यावरच आणि फुकट. अनेक अमेरिकी जहाजांवर स्वतः कपडे धुण्याची सोयच नसते, पिशवीवर पैसे द्यायचे. 13 रात्री आणि लहान मूल, हिशोब तुम्हीच करा.

आजारपणाचा विचार निघण्याआधीच करा. जहाजावर डॉक्टर असतो, बालरोगतज्ज्ञ नसतो, आणि भर समुद्रात हेलिकॉप्टर पोचत नाही. उलट्या-जुलाब झाले तर लक्षणं थांबल्यावरही किमान एक दिवस केबिनमध्येच राहायला लावतात. सॅनिटायझरवर विसंबू नका, साबण-पाण्याने हात धुवा. पोटाचा तो संसर्ग त्यानेच टळतो. मुलाला दमा, फिट्स असं काही असेल तर मी स्वतः विमानच निवडेन. जहाजातून हलवण्याचा खर्च भरणारा विमा नसेल तर निघूच नका.

कागदपत्रांत आपली घरं हमखास अडकतात, कारण आई-बाप भारतीय पासपोर्टवर आणि मूल अमेरिकी. भारतीय पासपोर्टला साउदॅम्प्टनसाठी ब्रिटनचा व्हिसा हवा. अमेरिकी मुलाला ईटीए, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायचा प्रवास परवाना, जो 2025 पासून लागतो. बार्सिलोनासाठी तुम्हाला शेंगेन व्हिसा, आणि मध्ये मोरोक्कोचं बंदर असेल तर अनेक प्रवेशांचाच. एच-1बीवर असाल तर परत येताना पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का चालू हवा. यातला एखादा कागद नसेल तर धक्क्यावर नाव खोडतात आणि पैसे परत मिळत नाहीत.

मूल तीनच्या आत असेल तर मी डोळे मिटून लायनर घेईन, पश्चिमेकडे जाणारं. तीन ते सहाला, दोन आठवड्यांहून जास्त रजा असेल आणि मूल पाण्यात रमणारं असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली युरोपातून परतणारी रिपोझिशनिंग घेईन. ती पश्चिमेकडेच जाते, आणि मध्ये जमीन लागते. आमच्या एप्रिलच्या फेरीत सहा दिवसांनी अझोर्समध्ये पोंटा डेल्गाडाला उतरलो, तर तिथले फुटपाथ काळ्या-पांढऱ्या दगडांच्या नक्षीचे. लेक तासभर फक्त पांढऱ्या दगडांवर पाय ठेवत चालली, बाकी काही बघायलाच तयार नाही.

लायनर घेतलंत तर शेवटच्या पहाटे गजर लावू नका, मूल उठवेलच. आमची साडेचारला उठली. तिला दुपट्यात गुंडाळून डेकवर नेलं, तर न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरचा व्हेराझॅनो पूल समोरून येत होता. धुराडं आणि पूल यांत भरतीच्या वेळी जेमतेम चार मीटर राहतात. खालून बघताना वाटतं आता घासणार. तिने मान मागे टाकून वर पाहिलं आणि पूल डोक्यावरून जाताना दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.