एबॅपमध्ये नमुना शोधायचाय? आधी रिकाम्या जागा बघा

तुमची एसएपी सिस्टिम (एबॅप ही तिचीच भाषा) अजून ७.५० या आवृत्तीवर किंवा त्याच्याही मागे असेल, तर निवड झालेलीच आहे. पीसीआरई, म्हणजे रेजेक्सने मजकुरात नमुना शोधायची नवी पद्धत, तुमच्याकडे नाहीच, ते ७.५५ मध्ये आलं, म्हणजे एस/४हाना २०२० बरोबर. मी लिहितोय ते ज्यांचं अपग्रेड नुकतंच झालंय त्यांच्यासाठी. कोड तपासणारं एटीसी चालवलं की रेजेक्सच्या जुन्या पद्धतीबद्दल 'पोझिक्स कालबाह्य' म्हणून इशाऱ्यांची रांग लागते आणि मग प्रश्न पडतो: जुनं तसंच ठेवायचं, सगळं पीसीआरईत न्यायचं, की रेजेक्सचा नादच सोडून सीएस-सीपी या साध्या तुलनांवर परत यायचं? या तिन्ही वाटांनी मी जाऊन आलोय, एका वाटेवर चांगला आपटलोयही. (कोड अर्थातच रोमनमध्ये असतो, इथे सगळं उच्चाराप्रमाणे लिहितोय. सांभाळून घ्या.)

सीएस आणि सीपीला मी कमी लेखत नाही. मजकुरात 'रिव्हर्सल' हा शब्द आहे का, एवढंच बघायचं असेल तर एक ओळ पुरते. ती वाचणाऱ्याला डोकं खाजवावं लागत नाही आणि सापडलेली जागा एसवाय-एफडीपॉस या तयार व्हेरिएबलमध्ये आयती मिळते. सीपीतली * ही 'काहीही चालेल'ची खूण तर अकाउंट्सच्या लोकांनाही पाठ असते, सिलेक्शन स्क्रीनवर ते रोज तीच टाकतात. (एसक्यूएलमधल्या लाइकचे % आणि _ इथे चालत नाहीत, हे मात्र दर सहा महिन्यांनी टीममधलं कुणीतरी नव्याने शिकतं.)

पण सीएस-सीपी मोठी-छोटी अक्षरं एकच धरतात आणि फाइंड ही शोधायची आज्ञा बरोबर उलटं वागते, तिला मुद्दाम इग्नोरिंग केस सांगावं लागतं. सीएसच्या जागी फाइंड घालणाऱ्याने हे विसरू नये. सीपीत अक्षराचा आकार पाळायचा तर प्रत्येक अक्षरापुढे # लावा. असा चार हॅशवाला नमुना मी एकदा लिहिला होता आणि पुढच्या महिन्यात मलाच तो वाचता येईना.

आणि सीपी सापडलं की नाही तेवढं सांगतं, काय सापडलं ते काढून हातात देत नाही. जीएसटीआयएनचंच घ्या. १५ जागा: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. मग दहा अक्षरांचा पॅन, म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. सीपीतला + म्हणजे कुठलंही एक चिन्ह, आकडा की अक्षर याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २७ आणि पुढे तेरा + लिहिले तर '२७' ने सुरू होणारं काहीही पंधरा चिन्हांचं गाळीव त्यातून पार होतं. इथे रेजेक्सला पर्याय नाही. (शेवटचं तपासचिन्ह मात्र रेजेक्सनेही तपासून होत नाही, त्याचं गणित वेगळं करावं लागतं.)

पोझिक्सशी माझं जुनं सख्य. ७.०० पासून ते होतं, हात बसला होता. त्याचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर डावीकडून पहिलं आणि त्यातलं सर्वांत लांब. दोन खुणांच्या मधला मजकूर काढायला टिंब-तारा ('काहीही, कितीही') लावलंत, तर ते पहिल्या खुणेपासून थेट शेवटच्या खुणेपर्यंत सगळं गिळून बसतं. 'थोडक्यात आटप' असं सांगणारं तारेपुढचं प्रश्नचिन्ह तिथे चालत नाही, इनव्हॅलिड रेजेक्सचं एक्सेप्शन येतं. लाँग टेक्स्टमधून तुकडे काढताना यावर मी बरीच कसरत केलीय. पीसीआरईत ते प्रश्नचिन्ह लावलं की काम होतं. एवढ्यावरच निवड ठरली असती तर लेख इथेच संपला असता.

आता माझी फजिती. एका उत्पादन कंपनीत विक्रेत्यांची बिलं बुक करणारे लोक लाइन आयटमच्या ५० अक्षरांच्या टेक्स्टमध्ये हाताने काहीबाही लिहितात. 'बिल नं 4567 दि 12/03', 'बिल #4567', ज्याला जे सुचेल ते. महिनाअखेरचा एक रिपोर्ट त्यातून बिलाचा नंबर उचलतो. नमुना साधा होता: बिल, रिकामी जागा, नं, रिकामी जागा आणि कंसात आकडे. पोझिक्समध्ये तो कित्येक वर्षं बिनतक्रार चालला. अपग्रेड झालं, इशारे आले, आणि एका संध्याकाळी मी शहाणपणा करून सगळीकडे रेजेक्स हा शब्द काढून पीसीआरई घातला. सिंटॅक्स चेक स्वच्छ, एटीसी हिरवं. मी घरी.

महिनाअखेरीला अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. "अहो, तुमच्या रिपोर्टमध्ये बिल नंबरचा रकानाच मोकळा येतोय. डाटा उडाला का आमचा?"

डंप (प्रोग्रॅम कोसळल्याचा अहवाल) नाही, एक्सेप्शन नाही. एसवाय-सबआरसी ४, म्हणजे सापडलं नाही, बस. आधी मला डाटावरच संशय. एक्सेलमधून चिकटवताना न तुटणारी रिकामी जागा आली असणार म्हणून डीबगरमध्ये हेक्स उघडून बसलो. साधी जागाच होती. मग अपग्रेडवाल्यांवर संशय. अर्धा दिवस यात गेला. मग रिपोर्टच्या यादीत नजर एका ओळीवर थांबली. शेकडो मोकळ्या रकान्यांमध्ये एकाच ओळीला नंबर आला होता. मूळ टेक्स्ट बघितलं तर कुणीतरी घाईत जागा न सोडता 'बिलनं4567' असं जोडून टाइप केलेलं.

तेव्हा ट्यूब पेटली. एबॅपमधल्या फाइंड पीसीआरईत एक्स्टेंडेड मोड आपोआप चालू असतो, आणि त्या मोडमध्ये नमुन्यातल्या रिकाम्या जागा मोजल्याच जात नाहीत. मी लिहिलं होतं 'बिल नं', तो शोधत होता 'बिलनं'. दुसऱ्या नमुन्याची गत तर याहून वाईट. 'बिल #' आणि पुढे कंसात आकडे. याच मोडमध्ये # म्हणजे इथून पुढे ओळ संपेपर्यंत शेरा. म्हणजे कंस, आकडे सगळं शेऱ्यात गेलं आणि नमुना उरला नुसता 'बिल'. तो जिथे-तिथे सापडत होता, सबआरसी शून्य, आणि सबमॅच, म्हणजे कंसात पकडायचा तुकडा, मात्र रिकामा. सीपीत # म्हणजे एस्केप, पोझिक्समध्ये नुसता #, पीसीआरईत शेरा. एकाच भाषेत एका चिन्हाला तीन घरं!

हे सगळं मदतीच्या पानावर नीट लिहिलेलं आहे, हे मान्य. मोड वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. जीएसटीआयएनसारखा लांबलचक नमुना चार ओळींत फोडून प्रत्येक तुकड्यापुढे शेरा लिहिता येतो, आणि दोन वर्षांनी येणारा माणूस दुवा देतो. पण न सांगता चालू असलेली गोष्ट चुकल्यावर ओरडतही नाही, हे मला झेपत नाही. डंप आला असता तर पाच मिनिटांत निस्तरलं असतं.

यावर उपाय आहेत. जागेच्या ठिकाणी चौकटी कंसात एक जागा ठेवा, ती मोजली जाते. किंवा नमुन्याच्या सुरुवातीला गोल कंसात प्रश्नचिन्ह, वजा आणि एक्स लिहून मोड बंद करा. दोन्ही चालतात. अडचण एवढीच की दर वेळी, प्रत्येकाने, आठवणीने करायचं. आम्ही टीममध्ये सहाजण. त्यातला एक शुक्रवारी संध्याकाळी विसरणार, आणि तो बहुधा मीच असेन.

म्हणून सध्या तरी माझा कल क्लासकडे आहे. सीएल_एबॅप_रेजेक्सची क्रिएट_पीसीआरई ही मेथड, तिला एक्स्टेंडेड म्हणून एबॅप_फॉल्स द्यायचं, आणि हे सगळं आपण स्वतः लिहिलेल्या एकाच झेड क्लासमध्ये गुंडाळून ठेवायचं. बाकीच्यांनी नमुना आणि मजकूर द्यायचा, सबमॅच घ्यायचा. एका ओळीच्या कामाला चार ओळी लागतात, एक्सेप्शन पकडावं लागतं, नव्या मुलांना ते जडही वाटतं. पण मोडचा निर्णय एकाच जागी होतो. शिवाय रेजेक्सचा ऑब्जेक्ट लूपच्या बाहेर एकदाच बनवता येतो. घड्याळ लावून वेळ मी मोजलेला नाही. पूर्वी रिपोर्ट लावून चहाला जायचो, परत आलो तरी चालूच असायचा. आता कप हातात यायच्या आत येतो. त्यातलं श्रेय नव्या हार्डवेअरचं किती आणि ऑब्जेक्टचं किती, कोण जाणे.

जुन्या कोडला हात लावायचा की नाही, हे ज्याच्या-त्याच्या घरच्या परिस्थितीवर. ज्या नमुन्यात जागा नाही, # नाही आणि 'किंवा'ची उभी रेघ नाही, ते बदलायला कमी जोखमीचे, तरी एकदा चालवून बघा. उभ्या रेघेचं यासाठी सांगतोय, की पोझिक्स पर्यायांमधला लांब घेतो आणि पीसीआरई पहिला जुळलेला घेतो. 'इनव्ह किंवा इनव्हॉइस' असा नमुना लावून शब्द पुसायला गेलात, तर पोझिक्स पूर्ण शब्द पुसेल, पीसीआरई पहिली तीन अक्षरं पुसेल आणि मागे ओ-आय-सी-ई उरेल. लांबचा पर्याय आधी लिहा, भागतं. आणि जे कोड कुणाला कळत नाही पण चालतंय, तिथे रेजेक्स_पोझिक्सचा प्रॅग्मा लावून इशारा गप्प करण्यात मला तरी काही कमीपणा वाटत नाही.

माझ्या त्या संध्याकाळच्या बदलात एकूण ३८ ठिकाणं होती. नंतर एकेक उघडून बघितली तेव्हा अकरा नमुन्यांत रिकामी जागा निघाली आणि दोनांत #. त्यातला एक नमुना अशा रिपोर्टमधला होता, जो वर्षातून एकदाच, मार्चअखेरीला चालतो.