शेवंडीची जात ठरवताना: अंगावरच्या खुणा की डीएनए?

शेवंडीवर प्रबंध करायला घेतलेली मुलं हल्ली पहिल्याच भेटीत विचारतात, "सर, सरळ बारकोडिंगच करू ना?" बारकोडिंग म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून जात ओळखणं. मी खुणांच्या आणि डीएनएच्या, दोन्ही वाटांनी गेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या किनाऱ्यावर प्रश्न बहुधा पॅन्युलिरस वंशातल्या शेवंडींपैकी ही पॉलिफॅगस जात की होमॅरस, एवढाच असतो. मुंबईत तर मुख्यतः पॉलिफॅगसच. तिथे मला शेपटीची पाठ पुरते. होमॅरसच्या वलयांवर आडवी खाच असते आणि तिची पुढची कड झालरीसारखी नागमोडी. नख फिरवलं तरी कळते. पॉलिफॅगसची पाठ गुळगुळीत, वलयाच्या मागच्या कडेला बारीक पांढरी रेघ. बर्फात रंग फिका पडला, डोकं काढलेली नुसती शेपटी हाती आली, तरी खाच कुठे जात नाही. व्हर्सिकलर या आणखी एका जातीची पाठही गुळगुळीतच; तिच्या पायांवर उभ्या पांढऱ्या रेघा असतात. पेनिसिलॅटसच्या डोळ्यांमधल्या पट्टीवर चार काटे बुडाशी एकत्र जुळलेले दिसतात.

डीएनएच्या बाजूने सीओआय जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा आहे, जोडीला 16एस हे दुसरं जनुक आहे. मला ही वाट नकोशी झाली ती एकाच गोष्टीमुळे. पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या या सीओआय जनुकाच्या जुन्या, निकामी नकला केंद्रकातल्या डीएनएत शिरून बसलेल्या असतात. सगळीकडे चालणारे 1994 चे फोल्मर प्रायमर (हवा तो तुकडा पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे छोटे डीएनए धागे) कधीकधी त्याच उचलतात. जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करून पाहताना, पट्टा एकच आणि स्वच्छ; सिक्वेन्स, म्हणजे अक्षरांचा क्रम, आला की आलेखात शिखरावर शिखर, दोन क्रम मिसळलेले. त्याहून त्रासदायक म्हणजे कधी सिक्वेन्सही स्वच्छ येतो आणि अमिनो आम्लांत उतरवल्यावर मध्येच स्टॉप कोडॉन निघतो, म्हणजे चालू जनुकात मध्ये नसणारी 'इथे थांब' अशी खूण. ही तपासणी कुणी टाळली, की तो सिक्वेन्स डेटाबेसमध्ये जातो आणि पुढच्याचा नमुना त्याच्याशी जुळवला जातो. अशा निकालावर सही करताना माझा हात अडतो.

तरी डीएनएचं माप कमी करू नये. फायलोसोमा, म्हणजे शेवंडीची ती पानासारखी पारदर्शक डिंभकं (अळीअवस्थेतली पिल्लं), कित्येक महिने समुद्रात तरंगतात आणि मोठ्या शेवंडीशी त्यांचं काहीच साम्य नसतं. तिथे, आणि सोललेल्या मांसाच्या बाबतीत, डोळे फारसे कामाचे नाहीत. चपट्या शेवंडीच्या थेनस वंशात एकच जात धरली जायची, 2007 मध्ये तिच्या पाच झाल्या, त्यातही जनुकांचा आधार होता.

पण धक्क्यावर जात लगेच ओळखावी लागते, कारण किमान वजन जातीवर ठरतं. 2003 पासून निर्यातीला अख्ख्या पॉलिफॅगसचं किमान वजन 300 ग्रॅम, होमॅरसचं 200, ऑर्नेटस या जातीचं 500. टोपली समोर असताना सिक्वेन्सची वाट कोण बघणार?

तुमचं काम डिंभकांवर नसेल, तर मी आधी खुणांवर हात बसवायला सांगेन. नमुना अख्खा जपा, पाठीचा आणि डोळ्यांमधल्या पट्टीचा फोटो ताजेपणीच काढा, एका पायाचा तुकडा इथेनॉलमध्ये टाका. सिक्वेन्सिंगला काय पाठवायचं ते त्यानंतर ठरवता येतं, आणि बहुतेकदा मोजकेच नमुने पाठवावे लागतात.