108 किलोचा गडी, 24 तारांचं चाक: अकरा महिन्यांनंतर

सायकलच्या चाकाची चौथी तार तुटली तेव्हाच ठरवलं होतं की हे लिहायचं. पण रागात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच झाल्या असत्या, म्हणून नवं चाक जरा पळवून मग लिहितोय.

रोड बाइक घेतली तेव्हा माझं वजन 108. दुकानदारानं एका हातानं उचलून दाखवली, "बघा साहेब, किती हलकी!" मीही खूश. वर बसणारा शंभरावर असताना बाइकचे दोन किलो वाचवून कुणाचं भलं होणार होतं? मोजायच्या होत्या त्या तारा. पुढे 20, मागे 24.

बाकी बाइकबद्दल तक्रार नाही. पुढचं लहान चक्र 34 दातांचं आणि मागचं सर्वांत मोठं 32 दातांचं आहे म्हणून पन्हाळा चढतो, रडत का होईना.

पहिली तार 900 किलोमीटरला गेली, वाघबीळजवळ उतारावर. टण्ण! चाक डुलायला लागलं आणि रिम ब्रेक शूला घासायला लागली. तारा मुळातच कमी, त्यातली एक गेली की चाक फार आऊट होतं, म्हणजे वाकडं फिरतं. ब्रेकची खिट्टी सैल करून, अंडी आणल्यासारखी बाइक घरी आणली. सर्व्हिसवाल्यानं वॉरंटीचं ऐकूनच घेतलं नाही. "तुमचं वजन जास्त आहे." अरे, पैसे घेताना वजन दिसलं नव्हतं होय? दुसरी, तिसरी, चौथीही मागच्याच चाकाची, हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, वाकवलेल्या जागी तुटलेली. तिसरी गिअरच्या बाजूची होती, म्हणून कॅसेट (मागच्या गिअरच्या चक्रांचा गठ्ठा) काढायचे 250 वेगळे. ते 250 मला अजून टोचतात.

इथवर माझं ठाम मत होतं की तारा हलक्या मालाच्या. ते बदललं ते मंगळवार पेठेत चाकं बांधणाऱ्या एका मामांमुळं. त्यांनी एकेक तार बोटानं छेडली. एक टिंग, शेजारची थड. "ताण सारखा न्हाई, पावणं. तार वजनानं तुटत न्हाई, ढिली-ताठ, ढिली-ताठ हून तुटती."

घरी येऊन हिशेब केला. किलोमीटरला चाकाचे साधारण 470 फेरे. प्रत्येक फेऱ्यात तार खाली आली की तिचा ताण उतरतो आणि वर जाताना परत चढतो. म्हणजे 2,000 किलोमीटरला नऊ लाखांवर हेलकावे. मागच्या चाकात गिअरसाठी जागा सोडायची म्हणून डाव्या तारा आधीच कमी ताणाच्या. त्यात बांधणीच सैल असेल तर माझ्या वजनाखाली त्या पार लुळ्या पडणार. आणि मी एकेक तार बदलत बसलो होतो, बाकीच्या तेवढ्याच थकलेल्या असताना.

मामांचं दुसरं वाक्य जास्त लागलं. "दूधवाल्याच्या सायकलीला मागं चाळीस तारा असत्यात. तुम्ही चोवीसवर कसं काय बसलाय?"

तयार चाकांची जोडी 16,000 सांगत होते. मी फक्त मागचं बांधून घेतलं, 32 तारांचं. जुन्या हबला भोकं 24, म्हणून हबही नवा. रिम 1,900, हब 2,200, 14 गेजच्या स्टेनलेस तारा पितळी निपलसकट (तार रिमला आवळणाऱ्या चाक्यांसकट) 800, मजुरी 600. एकूण 5,500. मामांनी चाक बांधून झाल्यावर तारा जोडीजोडीनं मुठीत आवळल्या, कडकड आवाज आला, मग परत आऊट काढला. हे यंत्रानं बांधलेल्या माझ्या चाकाच्या नशिबी नव्हतं बहुतेक.

टायर 25 मिलिमीटर रुंदीचे होते, ते 28 चे केले. त्याहून जाड फ्रेममध्ये शिरत नाही, आणि याचा मला आता पश्चात्ताप आहे. 32 चं टायर बसणारी डिस्क ब्रेकची बाइक घ्यायला हवी होती. पूर्वी मागे हवा 115 पीएसआय भरायचो, आता 90. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर कंबर लगेच फरक सांगते.

नव्या चाकावर 2,600 किलोमीटर झाले. दोन महिन्यांनी एकदा थोडा आऊट काढला, बस्स. पुढच्या 20 तारांनी आजवर चूं केलं नाही, म्हणून त्यावर मी एक रुपया घालणार नाही.

जुनं चाक माळ्यावर आहे. सत्तर किलोच्या आतल्या कुणाला हवं असेल तर फुकट न्या, तारा मात्र सगळ्या नव्या घाला. ते 250 मिळाले तर बघा.