जीटीएफएस : बसच्या वेळापत्रकाचा खुला साचा

शहरी बससेवेची माहिती खुली करण्यासाठी आज जगभर वापरला जाणारा जीटीएफएस (जनरल ट्रान्झिट फीड स्पेसिफिकेशन) हा साचा 2005 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडची ट्रायमेट ही परिवहन संस्था आणि गूगल यांच्या सहकार्यातून आकाराला आला. थांबे, मार्ग, फेऱ्या आणि वेळा यांच्या साध्या मजकुराच्या फाइली एका झिपमध्ये बांधल्या की काम भागते. त्या एक्सेलमध्येही उघडत असल्याने डेपोतल्या कारकुनालाही चूक हुडकता येते, आणि हेच याचे खरे बळ आहे. मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता येणारी शेवटची बस येथे '25:15:00' अशी नोंदवतात, कारण ती फेरी आदल्या दिवसाच्या सेवेत मोजली जाते. नवखा माणूस चक्रावतो, पण युक्ती चोख आहे.

उणीव अशी की, मूळ साच्याला फक्त ठरलेले वेळापत्रक कळते, कोंडीत अडकलेली बस दिसत नाही. त्यासाठी जीटीएफएस रिअलटाइम ही जोड लागते आणि ती बायनरी, म्हणजे केवळ संगणकाला कळणाऱ्या स्वरूपात असल्याने प्रोग्रामरवाचून वाचता येत नाही. दिल्लीने 2018 मध्ये आयआयआयटी-दिल्ली या माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने बसची अशी माहिती खुली केली, ही वाट अनुकरणीय आहे. मात्र महापालिकांनी माहिती खुली करण्याची अट बस ठेकेदाराच्या करारातच घालावी. मागाहून माहिती मागितली, तर तिचेही वेगळे बिल येते.