बुटका हायड्रेंजिया: मोठ्या पानांचा घ्यावा की पॅनिकल?

मे महिन्यात अमेरिकेतल्या कुठल्याही नर्सरीत जा, निळेभोर गेंद अगदी दारातच मांडलेले असतात. हे फुलझुडूप म्हणजे मोठ्या पानांचा हायड्रेंजिया, मॅक्रोफायला. शंकूसारखे लांबट तुरे येणाऱ्या पॅनिकल हायड्रेंजियाची रोपं तेव्हा नुसती पानं घेऊन मागच्या रांगेत उभी असतात. न्यू जर्सी किंवा शिकागोकडे घरापुढच्या उन्हातल्या वाफ्यात कमरेच्या आत राहणारं झुडूप हवं असेल, तर माझं मत मागच्या रांगेला.

प्रश्न थंडीचा आहे. मॅक्रोफायलाच्या बहुतेक जाती पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळा सरतानाच फांद्यांच्या टोकाशी धरतात. कडक हिवाळ्यात त्या जळतात, नाहीतर एप्रिलमधलं उशिराचं हिम त्यांना गाठतं. मग झाड बुंध्यातून फुटतं, पानांनी गच्च भरतं आणि फूल एकही देत नाही. वसंतात काडीची साल नखाने जराशी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. पण टोकाची टपोरी कळी काळी पडून बोटांत चुरली, तर तिथलं यंदाचं फूल गेलं. ऑक्टोबरमध्ये बाग 'साफ' करताना मारलेली कात्रीही तेच करते. 2004 साली बाजारात आलेली मॅक्रोफायलाची 'एंडलेस समर' ही जात नव्या फुटव्यावरही फुलते, हे खरं. पण उन्हाळा आखूड असेल तिथे हा दुसरा बहर उशिरा येतो आणि फार भरगच्च नसतो.

पॅनिकल त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर फुलतो. मार्चमध्ये तिसरा हिस्सा छाटा आणि विसरा. अमेरिकी कृषी खात्याच्या (यूएसडीए) थंडीच्या नकाशातल्या झोन 3 पर्यंतची, म्हणजे अगदी कडाक्याची थंडी तो सोसतो. जात मात्र नीट विचारून घ्या: 'बोबो' अडीच-तीन फुटांवर थांबतो, 'लिटल लाइम' पाच फुटांपर्यंत जाऊ शकतो आणि 'लाइमलाइट' सहा-आठ फूट वाढून खिडकी झाकतो.

जागा कुठली आहे, यावरही बरंच ठरतं. पॅनिकलला रोज सहा तास ऊन मिळालं की तो खूश. मॅक्रोफायलाला सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि भरपूर पाणी लागतं. जुलैच्या दुपारी त्याची पानं माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा सावरतात. म्हणून पाइप सोडण्याआधी मातीत बोट घालून ओल बघा.

निळ्या रंगासाठी जीव अडकला असेल तर पॅनिकल कामाचा नाही. तो पांढरा फुलतो आणि पुढे गुलाबी होतो, माती कशीही असो. मॅक्रोफायलाच्या निळ्या-गुलाबी जाती आम्लधर्मी मातीत, साधारण 5.5 पीएचच्या खाली, ॲल्युमिनियम शोषून निळ्या होतात; 6.5 च्या वर गुलाबी. घराच्या भिंतीलगत काँक्रीटमधून चुना मातीत उतरतो, त्यामुळे निळा म्हणून आणलेला तिथे हळूहळू गुलाबीकडे झुकतो. पांढऱ्या जातींवर यातलं काहीच चालत नाही.

पॅनिकलच्या बाजूने आणखी एक, खास आपल्या घरांसाठी: गणपतीत तो भर बहरात असतो, मॅक्रोफायलाचा मुख्य बहर तोवर ओसरलेला असतो. मखराला तुरे छान दिसतात. फक्त नैवेद्याच्या ताटात ही फुलं नकोत. पानं, कळ्या पोटात गेल्या तर माणसालाही बाधतात आणि कुत्र्या-मांजरांनाही.

पुण्यातल्या बाल्कनीसाठी मात्र उत्तर नेमकं उलटं. पॅनिकलला हिवाळ्याची खरी विश्रांती लागते, ती तिथे मिळत नाही. मॅक्रोफायला पूर्वेकडच्या कुंडीत जमवता येतो, पण एप्रिल-मेमध्ये त्याला सावलीत हलवावं लागेल. काळ्या मातीत तो गुलाबीच फुलणार. निळ्यासाठी कुंडीत काळी माती न घालता महाबळेश्वरकडच्यासारखी आम्लधर्मी लाल माती आणि कुजलेला पालापाचोळा भरा, आणि बोअरच्या जड पाण्याऐवजी जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.