दिवाळीला कुंडीत काय: झेंडू की शेवंती?

सोलापुरात भाद्रपद लागता लागता गच्चीवर कुंड्या भरायच्या असतील, तर झेंडूच बरा. रोप लावल्यापासून साधारण 45 ते 60 दिवसांत फुलं. तीनेक आठवड्यांनी शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. कुंडी 10 इंची. नुसती आपली काळी माती मात्र नको: ओली असताना पाणी धरून मुळं कुजवते, वाळली की भेगाळते. निम्मी माती, उरलेल्यात वाळू आणि शेणखत.

शेवंती जास्त देखणी, पण लहरी. रात्र लांबली की कळी धरते. कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली असेल तर नुसती पानंच! कळीवर आलेलीच विकत घ्या, दुपारच्या उन्हातून आत ओढा.

तोरणाला झेंडूच. सुई देठालगतच्या हिरव्या भागातून काढा, पाकळ्यांतून काढली की फूल विस्कटतं.