पाचशेपासून साडेतीनशेपर्यंत ऐका, मग झोपा

भुसावळात माझं मिक्सर, पंखे आणि कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते, कारण वर्षभर माळ्यावर पडलेला प्रत्येक कूलर लोकांना त्याच महिन्यात आठवतो. वर पत्रा, खाली सोल्डरिंगचा धूर, आणि अशात मी चार दिवस अमेरिकेतल्या एका रेडिओ स्टेशनवर "सर्वकाळची सर्वश्रेष्ठ पाचशे गाणी" ऐकतो. लागोपाठ तीन वर्षं ऐकली. यंदा तर हे स्टेशन मोबाइलवर ज्या इंटरनेट रेडिओ अ‍ॅपमधून ऐकतो, त्याची 499 रुपये वर्गणीही भरली. म्हणून हे लिहायचा मला हक्क आहे असं मी धरून चालतो.

स्टेशनचं नाव लिहीत नाही. क्लासिक रॉक, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतलं जुनं रॉक, या नावाखाली चालणारी बहुतेक स्टेशनं एकाच साच्यातून काढलेली असतात, कुठलंही लावलं तरी अनुभव हाच यावा.

आधी माल काय आहे ते सांगतो. मेच्या शेवटच्या सोमवारी तिकडे मेमोरिअल डेची सुट्टी असते. तिला जोडून शुक्रवार सकाळपासून हे लोक पाचशेव्या नंबरापासून उलटं मोजत येतात आणि सोमवारी संध्याकाळी एकवर पोचतात. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. रोज पंधरा तास वाजवतात, सोमवारी नऊ. म्हणजे चोपन्न तास. 128 केबीपीएस या आवाजाच्या दर्जाने तासाला 58 एमबीच्या आसपास लागतात, तेव्हा पूर्ण मोजणीला तीन जीबीच्या थोडं वर जातं. चार दिवसांत विभागून ते माझ्या रोजच्या दीड जीबीत आरामात बसतं. आवाज स्वच्छ येतो, तुटत नाही. इथपर्यंत तक्रार शून्य.

मी हे ऐकतोच कशाला, असं गिऱ्हाईकंही विचारतात. परवा पारोळ्याचे एक आजोबा मिक्सरचं भांडं घेऊन आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "हाई काय लावी ठेयेल शे रे भाऊ? माणूस रडी ऱ्हायना का गाई ऱ्हायना?" मी म्हटलं, बाबा, दोन्ही.

माझे वडील लोको शेडमध्ये फिटर होते. रेल्वे कॉलनीत तेव्हा अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. त्यांतल्या एका ड्रायव्हरच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता. आम्ही पोरं त्यांना नुसतं अंकल म्हणायचो. कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं तेव्हा मी शाळेत होतो, आणि जाताना अंकलनी मला अकरा कॅसेटींचा एक बुटाचा खोका दिला. त्यातल्या एका नव्वद मिनिटांच्या टीडीके कॅसेटच्या पहिल्या बाजूला शेवटचं गाणं होतं डीप पर्पल या रॉक बँडचं 'चाइल्ड इन टाइम', 1970 सालचं. गाणं दहा मिनिटांच्या वर, आणि टेपवर उरलेली जागा कमी. सुरुवातीला ऑर्गन अगदी हळू, देवळात पेटी लावून ठेवल्यासारखा. मग गाणारा शब्द सोडून नुसता आवाज वर वर नेतो. आणि गिटार धावायला लागली रे लागली की खट्. बाजू संपली. मला वाटायचं गाणं तेवढंच आहे, ते लोक खट् करूनच थांबतात. पूर्ण गाणं मी तिशी उलटल्यावर ऐकलं. तेव्हापासून पाचशेच्या यादीत ते कुठल्या नंबरावर येतं हे बघायला मी बसतो.

तीन वर्षांत ते आलेलं नाही.

डीप पर्पल येतात, नाही असं नाही. 'स्मोक ऑन द वॉटर' दरवर्षी वीस-पंचविसाच्या आत असतं. त्या गाण्यावर माझा राग नाही, गिटार घेतलेलं प्रत्येक पोरगं पहिल्या आठवड्यात तेच वाजवतं. पण एका बँडचं एकच गाणं आयुष्यभर वाजवायचं म्हणजे खान्देशात येऊन फक्त शेवभाजी खाऊन परत जाण्यासारखं आहे. कळण्याची भाकरी ताटाखालीच राहिली.

यंदा म्हटलं, घरी बसून कुरकुर करण्यापेक्षा मत देऊ. एप्रिलमध्ये स्टेशनच्या पानावर फॉर्म असतो. दहा गाणी निवडायची, पण यादी त्यांनीच दिलेली. खाली "इतर" म्हणून एक बारीक चौकट होती. तिच्यात 'चाइल्ड इन टाइम' लिहिलं. मग फॉर्मने पिनकोड मागितला आणि तिथे पाचच आकडे बसतात! आपला 425201. शेवटचा एक गळाला. मी 42520 वरून मत दिलं, ते तिकडे कुठल्या गावाच्या खात्यात जमा झालं असेल ते देव जाणे. पलीकडून आभाराचा मेल मात्र लगेच आला, आणि त्यानंतर आजतागायत गाद्यांच्या सेलचे मेल येतात.

मत मोजतात की नाही हा प्रश्नच मला आता किरकोळ वाटतो. मोजत असतीलही. पण वर्षभर तीच चारपाचशे गाणी आलटून पालटून वाजवायची आणि मग लोकांना विचारायचं की बाबांनो, तुम्हाला कोणती आठवतात. लोक काय सांगणार? बायकोला रोज वांगी आणून द्यायची आणि रविवारी विचारायचं, बोल, आज काय करतेस?

ही चारपाचशे गाणी उरली कशी, तेही ऐका. क्लासिक रॉक हा प्रकार ऐंशीच्या दशकात स्टेशनवाल्यांनी धंद्यासाठी तयार केला. नवीन गाण्यांची जोखीम नको, साठ-सत्तरच्या दशकांतलं चाललेलं वाजवा, असा साधा हिशोब. पुढे श्रोत्यांना सभागृहात बसवून किंवा फोनवर गाण्याचे पाच-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवायचे आणि त्यांनी गुण द्यायचे. ज्याला गुण कमी ते गाणं बाद. आता मला सांगा, दहा सेकंदांत 'चाइल्ड इन टाइम'चं काय कळणार? ऑर्गनवाल्याने अजून बोटं नीट ठेवलेली नसतात. भरताची परीक्षा वांग्याचा देठ चावून घेण्यातला प्रकार.

आता कापाकापी. ही माझी मोठी तक्रार. सर्वश्रेष्ठ म्हणायचं आणि अर्धं वाजवायचं. 'लाइट माय फायर' हे 1967चं गाणं अल्बमवर सात मिनिटांचं आहे, मधली ऑर्गन-गिटारची लांब जुगलबंदी हाच त्याचा जीव. सिंगलसाठी, म्हणजे एका गाण्याच्या सुट्या रेकॉर्डसाठी, ती छाटून तीन मिनिटांचं केलं होतं. यांनी ते छाटलेलं वाजवलं. 'लैला'चं तर याहून वाईट. 1970च्या त्या गाण्याचा उत्तरार्ध म्हणजे नुसता पियानो आणि त्यावर तरंगणारी गिटार. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून त्या पियानोची वाट बघत होतो. पहिला सूर लागला, अर्धा सेकंद, आणि लगेच एक बाई घराच्या छपराच्या दुरुस्तीबद्दल बोलायला लागली. दुसऱ्या कुणाचं छप्पर! माझ्या डोक्यावर तापलेला पत्रा. वर्गणी भरली की जाहिराती जातात असं अ‍ॅप म्हणतं, पण गेल्या त्या फक्त अ‍ॅपच्या. स्टेशनच्या जागच्या जागी. ट्रक अपघाताचे वकील, छप्पर, गाद्या, पुन्हा वकील.

निवेदकही तिथे हजर असतो असं समजू नका. आवाज आधी भरून ठेवलेला असतो. दोनशे बाराव्या नंबराला साहेबांनी एका बँडचं नाव मोठ्या प्रेमाने घेतलं आणि वाजलं भलतंच. कुणी माफी मागितली नाही, मागायला कुणी नव्हतंच.

गाणाऱ्या बायका? फ्लीटवुड मॅक या बँडमुळे थोड्याफार येतात, हार्ट बँडच्या दोघी बहिणी एखाद-दोनदा. कृष्णवर्णीय म्हटलं तर जिमी हेन्ड्रिक्सच्या एकट्याच्या खांद्यावर जवळजवळ सगळा भार. ज्या ब्लूजवर, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्यावर, यांचं घर उभं आहे, ते वाजवणारे घराबाहेर. 1990 सालानंतरचं पहिल्या शंभरात शोधायचं तर भिंग लागेल.

आमच्या घरी बुश रेडिओ होता आणि वडील बिनाका गीतमालेचे भक्त. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लागलं की घरात चमच्याचाही आवाज चालायचा नाही. 1952 साली सुरू झालेला कार्यक्रम, अमीन सायानींचा आवाज, पायदान नंबर अमुक. तीही मोजणीच होती, तिच्यावरही लोक वाद घालायचे. पण ती आठवड्याची आणि वर्षाची मोजणी होती. 1971 साली 'जिंदगी एक सफर है सुहाना' पहिलं, 1980 साली 'डफलीवाले'. दरवर्षी नवा राजा. आणि एक गोष्ट त्यांची मला फार आवडायची. बराच काळ टिकलेल्या गाण्याला सरताज गीत म्हणून मान द्यायचे आणि स्पर्धेतून बाजूला काढायचे. झालं, तू जिंकलास, आता दुसऱ्याला चढू दे.

रेल्वेतही असंच असतं. साठाव्या वर्षी हार, नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ, फोटो, आणि घरी. माणूस कितीही चांगला फिटर असला तरी. 'स्टेअरवे टू हेवन' 1971चं आहे. पन्नाशी उलटून गेली, अजून पहिल्या पाळीत हजर. 'फ्री बर्ड', 'बोहेमियन रॅप्सडी', 'हॉटेल कॅलिफोर्निया', कुणीच रिटायर व्हायला तयार नाही, आणि खालच्या ग्रेडमधल्यांचं प्रमोशन अडलेलं. ही गाणी वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. 'बोहेमियन रॅप्सडी' गाणारा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला हे मी दर दुसऱ्या गिऱ्हाईकाला सांगतो, आणि एकाचाही विश्वास बसत नाही. त्यांना सरताज करा, फोटो लावा, आणि खुर्ची मोकळी करा. एवढंच.

बरं, मग 499 रुपये पाण्यात गेले का? नाही. शुक्रवार आणि शनिवार वसूल आहेत. पाचशे ते साडेतीनशे या टापूत कुणाचं फारसं लक्ष नसतं, त्यामुळे तिथे चुकून चांगली गाणी शिरतात. शुक्रवारी रात्री नवाच्या सुमारास, दुकानाचं अर्धं शटर ओढून मी एका कूलरच्या पंपाची वायर जोडत होतो. टाकीत पाणी भरून पंप चालू केला, पाणी वर चढून गवतावरून टपटपायला लागलं, आणि त्याच वेळी रॉबिन ट्रॉवरचं 'ब्रिज ऑफ साइज' लागलं. 1974चं. गिटार इतकी सावकाश आणि ओली की पंप कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते कळेना. त्या रात्री दुकानाबाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असेल, मला थंडी वाजली म्हणालो तर खोटं होईल, पण पंप दुरुस्त झालाय हे विसरून मी तसाच पंधरा मिनिटं बसलो. नंबर होता चारशे ऐंशीच्या आसपास. थिन लिझी या बँडचं नेहमीचं सोडून दुसरं एक गाणंही त्याच पट्ट्यात मिळालं. रविवारनंतर असं एकदाही झालं नाही.

सोमवारचं आता थोडक्यात. शेजारच्या रसवंतीवाल्याशी मी पैज लावली होती. शुक्रवारीच चिठ्ठीवर पहिल्या दहाची नावं लिहून त्याच्या गल्ल्यात ठेवली. हरेल त्याने खापरावरचे मांडे आणि आमरस द्यायचा. शेवटची दहा गाणी आपल्याकडे रात्री दोननंतर येतात, म्हणून गच्चीवर गादी टाकली. अडीचला लाइट गेले, खालचे पंखे थांबले तशी सगळी गल्ली गच्चीवर आली, आणि त्या सगळ्यांनी माझ्याबरोबर 'फ्री बर्ड' ऐकलं. नऊ मिनिटं. बायको अमळनेरची आहे, रागावली की अहिराणीत येते. ती उशीत तोंड घालून म्हणाली, "आते ते बंद करा ना, डोकं दुखी ऱ्हायनं."

सव्वातीनला पहिला नंबर आला. कोणता ते तुम्हाला माहीत आहे. चिठ्ठीतली दहापैकी नऊ बरोबर निघाली, आणि दहावं मी अकरावर येईल म्हणून वगळलेलं.

माझे पाचपैकी दोन तारे. एक आवाजाच्या स्वच्छतेला, एक त्या कूलरच्या रात्रीला. इंटरनेट रेडिओ नवीन घेणाऱ्यांनी एवढं करा: शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला लावा, शनिवारी रात्री बंद करा, रविवार-सोमवार विविध भारती. सकाळचा 'भूले बिसरे गीत' हा कार्यक्रमच विसरलेल्या गाण्यांसाठी काढलेला, आणि त्याला पिनकोड लागत नाही.

मांडे अजून आलेले नाहीत. रसवंतीवाला म्हणतो, दहावं चुकलं म्हणजे पैज फिटली नाही. वर्गणी मार्चपर्यंत आहे.